मोड घेताना सर आधी चित्र काढत

गेल्या अंकात सर गेल्याचं चार ओळींत कळवलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत रंग, कागद, ग्रेड परीक्षा हे आपले नेहमीचे प्रश्न जवळपास नाहीतच. सगळे सरांबद्दलच विचारत आहेत, म्हणून या वेळचं सदर सरांचं. ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांच्यासाठी थोडं सांगते. आर्वी तालुक्यातल्या, वर्धा नदीकाठच्या एका गावात सोनाराच्या घरी त्यांचा जन्म. नागपूरच्या कला महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन ते पुन्हा वडिलांच्या बागेसरीसमोर, म्हणजे सोनाराच्या शेगडीसमोर, बसले. मी त्यांची विद्यार्थिनी. नाव छापून यावं अशी हौस त्यांना कधी नव्हती, घरच्यांचीही तीच इच्छा आहे, म्हणून इथेही ते फक्त 'सर'.

प्रश्न : गावातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर 'प्राध्यापक' लिहिलं होतं. त्यांच्या भावकीचं म्हणणं 'सुवर्णकार' लिहा. यावरून बरीच बोलाचाली झाली. तुम्ही काय लिहिलं असतं? — एक विद्यार्थिनी, पुलगाव

दोन्ही लिहिलं असतं, एकाच मापाच्या अक्षरांत. का, ते समजायला तुला १९६३ सालात जावं लागेल.

त्या वर्षी जानेवारीत सोने नियंत्रणाचे नियम आले. चीनचं युद्ध नुकतंच झालं होतं, परकीय चलनाची चणचण होती, चोरट्या सोन्याला आळा घालायचा होता. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी आली. खेड्यातल्या सोनाराचा हात बावीस कॅरेटवर बसलेला. चौदा कॅरेटचं सोनं कडक, ठोकता ठोकता तडकणारं, रंगालाही फिकं. गिऱ्हाईक ते हातात घेऊन परत ठेवून द्यायचं. देशभर कितीतरी सोनारांच्या शेगड्या विझल्या, त्यांतली एक सरांच्या वडिलांची. ते कापसाच्या जिनात हमालीला लागले. पोळ्याच्या आधी तेवढ्या बैलांच्या शिंगांच्या टोकांना बसवायच्या पितळी शेंब्या करून द्यायचे. सर तेव्हा शाळेत होते आणि चित्रकलेच्या तासाला त्यांचा हात मास्तरांच्या नजरेत भरला होता. वडील त्यांना म्हणाले, "बापू, आपल्या हातात हाये ते आता सरकारले चालत नाई. तू सरकारच्या शाळेतली चित्रकला शिक." पुढे १९६८ साली सुवर्ण नियंत्रण कायदा झाला. तो १९९० मध्ये रद्द झाला, तेव्हा वडील हयात नव्हते.

म्हणजे सरांचं प्राध्यापक होणं सोनारकी सुटल्यामुळे घडलं आणि ते सर कधी विसरले नाहीत. नागपुरात चित्रकला शिकून ते मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धातुकाम शिकायला गेले. ती शाळा १८५७ सालची आणि तिथल्या कारागिरीच्या कार्यशाळा १८९१ पासूनच्या, लॉर्ड रे यांच्या नावाच्या. हे साल सरांना पाठ होतं, कारण ते त्यांना सलायचं. चित्रकाराची खोली एकीकडे आणि कारागिराची दुसरीकडे, ही वाटणी आपल्याकडे शाळांनी आणली आणि मग घराघरांत ती खरी मानली गेली, असं ते वर्गात बोलत. त्या वेळी आवाज चढायचा. एरवी सर कधी मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही.

प्रश्न : माझ्या लग्नातली बोरमाळ सरांच्या हातची आहे. यंदा सोयाबीन हातचं गेलं, पोराची फी भरायची आहे. सराफ म्हणतो मोड द्या. मन धजत नाही. सर असते तर काय म्हणाले असते? — एक कास्तकारीण, देवळी तालुका

ताई, सर तुम्हाला 'मोडू नका' म्हणाले नसते, एवढं मी खात्रीनं सांगते. आपल्या भागातलं सोनं कसं फिरतं ते त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पेरणीच्या तोंडावर गहाण पडतं, कापूस विकला की सुटतं, दोन वर्षं लागोपाठ पीक गेलं तर मुशीत जातं. त्याचा दोष त्यांनी कधी घरातल्या बाईला दिला नाही. मोडीला आलेल्या बाईला ते आधी पाणी द्यायचे, मग बसायला पाट.

त्यानंतर ते जे करायचे ते दुसऱ्या कोणत्या सोनाराला करताना मी पाहिलं नाही. मूस तापायच्या आधी ते त्या दागिन्याचं चित्र काढत. लाल कापडाच्या बांधणीची, व्यापाऱ्याची असते तशी लांब वही होती. तिच्यात दागिना आहे त्या आकाराचा, बारीक पेन्सिलीनं, समोरून आणि मागून. आकडी, झाळ (धातूचा डाग) दिलेला सांधा, झिजलेली कड, सगळं. शेजारी वजन, गाव आणि मोडायचं कारण. नाव नाही. त्यातल्या काही नोंदी मला तोंडपाठ आहेत. "कमरपट्टा, चांदी. विहिरीची मोटर." "नथ. लेकीचं बाळंतपण अडलं, सेवाग्रामला नेली." "गोट, जोडी. कारण सांगितलं नाही, विचारलं नाही."

नोंदी तोळे, मासे, गुंजांत आहेत, कारण काटा वडिलांचा होता. बारा माशांचा तोळा आणि आठ गुंजांचा मासा. तो जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज बाजारात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. तुमच्या डबीतली चिठ्ठी सरांच्या हातची असेल, तर तिच्यावरचा 'तोळा' जुना आहे. सराफाशी बोलताना हे लक्षात असू द्या.

आता तुमच्या बोरमाळेकडे येते. तिचे मणी पत्र्याचे, आत लाख भरलेले असतात. माळेचं वजन केलं की लाखेसकट भरतं आणि वितळवल्यावर सोनं पुष्कळ कमी निघतं. बायकांना वाटतं आपण फसलो. सर म्हणून दोन वजनं लिहून देत, एक लाखेसकट आणि एक निव्वळ सोन्याचं. डबीच्या झाकणात, कापसाखाली पाहा. चिठ्ठी सापडली नाही तर लाख काढून, तुमच्या डोळ्यांसमोर वजन करायला सांगा. सरांच्या जुन्या कामावर हॉलमार्क नाही, म्हणून कुणी अंदाजानं घट धरत असेल तर मान्य करू नका. हॉलमार्किंग केंद्रात ठरावीक पैसे भरून शुद्धता तपासून मिळते. झाळ दिलेल्या जागांमुळे थोडी घट येते, ती खरी असते.

आणि मोडण्याआधी बँकेत विचारून बघा. फीपुरतेच पैसे हवे असतील आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाचे, पैसे येण्याची आशा असेल, तर तारण ठेवून घेतलेलं कर्ज पुरेल. व्याज बसेल, पण माळ माळच राहील. ते जमणार नसेल तर मोडा. मुलाची फी थांबवू नका.

फक्त त्याआधी एक दुपार द्या. पांढऱ्या कागदावर माळ पसरा, पेन्सिल उभी धरून माळेच्या कडेकडेनं रेघ काढा, मणी मोजा, शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. माळ कोणत्या साली, कोणी, कुठल्या सोन्यातून करून घेतली ते खाली लिहा. तुमच्या आईला विचारलं तर ती सांगेल की त्या सोन्यात तिच्या स्वतःच्या गळ्यातलं काय गेलं होतं. सर म्हणायचे, "सोनं कुठी जात नाई वो माय, घडण जाते. तिले कागदावर ठेवून घेऊ." तुम्ही काढलेला कागद मला पाठवा. तो मी सरांच्या वहीत ठेवीन.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत चित्रकला शिकवतो. सर वर्गात काय करून घेत, एखादा पाठ द्याल का? — एक शिक्षक, कारंजा (घाडगे)

देते. साहित्य घरचंच आहे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार, वीतभर. आपल्याकडे प्रत्येक गावात मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे ती ढिगानं पडलेली असते.

पहिल्या दिवशी वावरातून फुटलेलं बोंड आणायला सांगा. कागदावरून पेन्सिल न उचलता त्याचं चित्र काढायचं. पाकळ्यांसारखे वाळलेले ते टोकदार भाग, त्यातून बाहेर आलेला कापूस, देठ, सगळं एका रेषेत. मुलं पुसायला खोडरबर मागतील, देऊ नका. दहा-बारा कागद वाया गेल्यावर रेषा कुठून सुरू करायची ते त्यांचं त्यांनाच उमगतं. दुसऱ्या दिवशी तीच रेषा तारेत वळवायची.

तार दोन-तीनदा वाकवली की कडक होते आणि मग तुटते. इथे सरांचा आवडता भाग येतो. तुम्ही स्वतः, वर्गाबाहेर मोकळ्या जागी, तार चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. तारेवरच्या वार्निशचा धूर वाईट असतो, मुलांना लांब उभं करा. बाहेर काढलेली तार मऊ झालेली असेल. लोहाराचं पोर वर्गात असेल तर ते हमखास म्हणेल की सर, हे उलटं झालं, आमच्याकडे तापवून पाण्यात टाकलं की विळा टणक होतो. ते खरंच आहे. पोलाद तसं वागतं, तांबं आणि चांदी असं. आमच्या वर्गात असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला सरांनी पुढचा सगळा तास शिकवायला लावलं होतं.

मोठ्या मुलांना सर नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ सालच्या मध्यवर्ती संग्रहालयात, नेऊन बसवत. मूर्तीचा चेहरा काढायचा नाही, फक्त गळ्यातलं आणि दंडातलं काढायचं. अजिंठ्याला नेलं तेव्हाही तसंच. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर सगळे त्याच्या झुकलेल्या नजरेकडे पाहत असतात. सरांनी आम्हाला गळ्यातल्या मोत्यांच्या माळेकडे पाहायला लावलं. ती माळ कुठे अंगाला टेकते आणि कुठे सुटून लोंबते, त्यावरून छातीची गोलाई कळते, चितारी सावलीवर फारसा विसंबलेला नाही. मग सोळाव्या लेण्यापाशी थांबून म्हणाले, हे लेणं खोदवून घेणारा वराहदेव वाकाटकांच्या हरिषेण राजाचा मंत्री, आणि ते वाकाटक वत्सगुल्माचे. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. आमच्यातली एक मुलगी वाशीमची होती. ती परतीच्या बसमध्ये एका शब्दानं बोलली नाही, वहीत माळा काढत राहिली. आज ती पुण्यात दागिन्यांची डिझाइन्स करते.

नागपूरजवळच्या माहुरझरीलाही ते मुलांना न्यायचे. बृहदाश्म काळातल्या, म्हणजे मोठाल्या दगडांची वर्तुळं रचून दफन करणाऱ्या, लोकांची तिथे वस्ती होती आणि अकीक, कार्नेलियन अशा रंगीत दगडांचे मणी तिथे घडत. सोनाराच्या घरात जन्मलेल्या माणसाला आपल्या धंद्याचं मूळ इतकं जुनं, इतकं जवळ सापडावं, याचा आनंद त्यांच्या चालण्यातही दिसायचा.

प्रश्न : सरांच्या घरच्यांनी तीन पेट्या आमच्या मंडळाकडे दिल्या आहेत. रेखाटनं, नक्षी उठवायचे ठसे, थोडी चांदी. उंदीर आणि पावसाळा यांची भीती वाटते. लॅमिनेशन करावं का? — गावातला एक तरुण

लॅमिनेशन अजिबात नको. एकदा प्लास्टिक चिकटलं की कागद पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको. कोळशानं काढलेल्या चित्रांच्या मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर एकाची काजळी दुसऱ्यावर उमटेल. पेट्या जमिनीपासून वर, भिंतीपासून सुट्या ठेवा. पावसाळ्यात उघड मिळाली की झाकणं उघडा.

चांदी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, जुनं धुतलेलं मलमल घ्या. ती काळी पडली आहे म्हणून चिंच लावून घासायला बसू नका. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तो काळपटपणा येतो, त्यानं दागिना खराब होत नाही. सरांनी नक्षीच्या खोलगट भागात तो मुद्दाम राहू दिलेला असायचा, त्यामुळे उठाव दिसतो.

ठसे पोलादी आहेत, त्यांना गंज चढेल. शिलाई मशीनचं तेल फडक्याला लावून हलकं पुसा. पुसण्याआधी प्रत्येक ठसा ओल्या शाडूवर दाबून त्याची छाप घ्या, वाळली की तिच्या मागे क्रमांक टाका. नुसता ठसा पाहून ती कशाची नक्षी आहे ते सांगणारं माणूस पुढे मिळणार नाही. गावातल्या दोन-तीन वयस्क बायांना आताच दाखवा, त्या छाप पाहून 'हे पायातल्या तोरडीवरचं, हे दंडातल्या वाकीवरचं' असं सांगतील. आणि कुणी कितीही भाव दिला तरी किलोवर भंगारात जाऊ देऊ नका. जिवावर बेतल्यासारखं वाटतं मला त्या विचारानं. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं, ग्रामोद्योगासाठी. मंडळातल्या पोरांना एकदा तिथे नेऊन आणा. हातकामाच्या वस्तू कशा मांडायच्या ते डोळ्यांनी बघितलेलं बरं.

लाल वही मात्र पेटीत ठेवू नका. तिची बांधणी न उसवता, ओसरीवरच्या उजेडात पान अन् पान मोबाइलवर टिपा आणि त्याच्या प्रती तीन वेगळ्या घरांत ठेवा.

प्रश्न : निवृत्तीनंतर सर आठवडी बाजारात पाल टाकून बायकांची जोडवी सांधत बसायचे. एवढा मोठा प्राध्यापक, हे शोभत होतं का? मनातलं विचारतो, राग मानू नका. — एक निवृत्त कर्मचारी, तिवसा

राग नाही मानत, कारण हा प्रश्न पुष्कळांच्या मनात होता आणि तुम्ही तो उघड विचारला. पण मला यावर सविस्तर बोलू द्या. सरांचं सगळ्यात मोलाचं काम मी त्या पालाखालीच झालेलं मानते.

जोडवी तुटतात ती खालच्या बाजूनं. बाई दिवसभर निंदायला, वेचायला वावरात असते, पायाखाली ढेकळं. बाजारातलं जोडवं वरून जाड, नक्षीदार आणि खाली पातळ, कारण दुकानात वरची बाजू दिसते. सर दर आठवड्याला तुटकी जोडवी हातात घेऊन, झीज कुठे आहे ते वहीत मांडत राहिले. मग त्यांनी स्वतःची घडण बसवली. तळ जाड आणि गोल, नक्षी फक्त माथ्यावर. बाजूच्या खाचा काढून टाकल्या, कारण काळी माती त्यांत बसून वाळली की बोट कापतं. तोंड उघडं आणि टोकं घासून गुळगुळीत, म्हणजे पावसाळ्यात बोट सुजलं तरी जोडवं उतरवता यावं. शुद्ध चांदी पायात टिकत नाही, म्हणून हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी आणि उरलेलं तांबं. चांदी ते खामगावहून आणत. हे सगळं त्यांना कोणत्या पुस्तकात मिळालं नव्हतं. जमिनीवर बसून, समोरच्या बाईच्या पायाकडे पाहून मिळालं होतं.

पैशांचं म्हणाल तर झाळ द्यायची मजुरी ते घेत, फुकट करून देत नसत. फुकट केलं की बाई पुन्हा यायला लाजते, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी बाजारात त्यांच्याजवळ बसले होते. एक म्हातारी आली, एकाच पायात जोडवं, दुसरं हरवलेलं. तिला जोड करून हवी होती, पण नवं जुन्यासारखं दिसलं पाहिजे होतं, सुनांनी ओळखता कामा नये. सरांनी आधी जुन्याची झीज नीट पाहिली आणि मग नव्या चांदीला कानसीनं तेवढीच झीज आणून दिली, डाव्या-उजव्या पायाचा फरक धरून. त्याला अर्धा दिवस गेला. बाजार उठला, भाजीवाल्यांनी पोती झटकली, तरी ते घासतच होते. महाविद्यालयात असताना मुलांच्या कामावर ते जेवढा वेळ द्यायचे तेवढाच त्यांनी त्या जोडव्याला दिला. तुम्ही शोभण्याचं विचारलंत. मी त्या दिवशी त्यांच्या पाया पडले.

प्रश्न : सरांच्या कामाचं प्रदर्शन होणार असं ऐकलं. कधी, कुठे? काचेच्या पेट्यांची सोय आमच्या दुकानातून करू शकतो. — एक व्यावसायिक, आर्वी

आभार, पण पेट्या लागणार नाहीत. सरांनी घडवलेलं जवळपास सगळं बायकांच्या अंगावर आहे आणि ते तसंच पाहायचं असं गावातल्या बायकांशी बोलून ठरलं आहे. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात, वेचणीची घाईही तोवर थोडी ओसरलेली असते. त्या दिवसांत, गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या ओसरीवर, दुपारी तीननंतर. सरांच्या हातचं जे असेल ते घालून या. ए.टी.डी. (कला शिक्षक पदविका) करणाऱ्या दोन मुली तुमच्यासमोर बसून ते नव्या वहीत उतरवतील. कोणी घडवून घेतलं, कधी, कुठल्या मोडीतून, हे सांगता येईल तेवढं सांगा. नाव लिहिलं जाणार नाही. वजन सांगायचं नसेल तर तेही नको, अंगावर सोनं किती ते चारचौघांत सांगायची भीती मला कळते. ज्यांचा दागिना मोडला गेला आहे त्यांनीही या, आठवेल तसं तोंडी सांगा, मुली विचारून विचारून काढतील.

पुरुषांनी सरांच्या वडिलांच्या किंवा सरांच्या हातच्या पितळी शेंब्या गोठ्यात असतील तर आणाव्यात. घासून चकचकीत करून आणू नका, आहेत तशाच चालतील.